‘टाइप कुठला?’ याच्या आधीचे प्रश्न

चेहऱ्याचं हाड मोडलेला रुग्ण वॉर्डात दाखल झाला की राउंडवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘टाइप कुठला?’ रेसिडेंट डॉक्टर चटकन उत्तर देतो, ‘ले फोर्ट टू, सर,’ आणि सगळे पुढच्या खाटेकडे वळतात. परीक्षेत या आकड्याला गुण असतात. तालुक्याच्या गावाहून रुग्ण पुढे पाठवताना फोनवर हाच आकडा सांगितला जातो आणि डिस्चार्ज कार्डावरही हाच उतरतो. आकडा सांगितला म्हणजे निदान झालं, हा समज आमच्या शिकवण्यात आणि शिकण्यात खोल मुरला आहे. या समजाला माझा विरोध आहे. चेहऱ्याच्या अस्थिभंगाचं प्रत्येक वर्गीकरण कुणीतरी, त्या काळी हाताशी असलेल्या साधनांनी, एका ठरावीक प्रश्नाचा माग काढताना तयार केलं. तो प्रश्न विसरून नुसती उत्तरं घोकायची सवय आम्हा डॉक्टरांना लागली आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतात. कुणाला एकाच्या दोन वस्तू दिसत राहतात, कुणाचे दात पुन्हा कधीच एकमेकांवर नीट बसत नाहीत, तर कुणाला झालेली मारहाण कागदावर येतच नाही.

ज्याचं नाव आम्ही रोज घेतो त्या रेने ले फोर्टपासूनच सुरुवात करू. हा फ्रान्समधल्या लिल शहरातला सर्जन. वरच्या जबड्याच्या अस्थिभंगावरचा त्याचा प्रायोगिक अभ्यास 1901 साली तीन भागांत प्रसिद्ध झाला. 35 शवांच्या डोक्यांवर त्याने प्रयोग केले. कुठे लाकडी दांडक्याने प्रहार केला, कुठे डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. कधी समोरून मार दिला, कधी बाजूने, कधी खालून. नंतर कातडी-मांस काढून हाडं उघडी केली आणि कुठली चीर कुठून निघून कुठवर गेली, ते बारकाईने टिपलं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग तरी कुठला होता? क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि एकमेकांवर चढलेल्या चेहऱ्याच्या हाडांचा गुंता त्या काळच्या फोटोंत उलगडणं शक्यच नव्हतं. हाड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याला काही कळणार नव्हतं.

त्याचा प्रश्न साधा आणि मोठा होता : मार कसाही बसला, तरी चेहरा मोडण्याच्या काही ठरलेल्या वाटा आहेत का? उत्तर मिळालं की आहेत. हाडं वाटेल तिथे फुटत नाहीत. दुबळेपणाच्या तीन मोठ्या रेषा आहेत आणि चिरा बहुतेक त्यांच्याच वाटेने धावतात. पहिली रेषा आडवी, दातांच्या मुळांच्या वरून जाणारी. ती तुटली की टाळू आणि वरचे दात मिळून एक सुटा तुकडा होतो. दुसरी रेषा नाकाच्या मुळापासून निघते, दोन्ही डोळ्यांच्या खोबणींच्या आतल्या भिंतीवरून आणि तळावरून खालच्या कडेला येते, गालांकडे तिरकी उतरते आणि त्रिकोणी तुकडा सोडवते. तिसरी सगळ्यांत वरची. ती खोबणींच्या आतून आणि गालाच्या कमानींवरून जाते आणि अख्खा चेहरा कवटीपासून वेगळा करते. तिन्ही रेषा मागे जाऊन मिळतात त्या वरच्या जबड्याच्या पाठीमागच्या दोन पातळ पाकळ्यांना. त्या शाबूत असतील तर तो ले फोर्टचा अस्थिभंग नव्हेच. यांतली सर्वांत खालची, आडवी रेषा त्याच्याआधी 1866 साली आल्फोन्स गेरँ या फ्रेंच सर्जनने सांगितली होती. ले फोर्टने पूर्ण नकाशा मांडला.

या रेषा अशाच का, हे कळायला चेहऱ्याचं बांधकाम पाहावं लागतं. जुन्या वाड्यात भार खांब-तुळया पेलतात आणि मधल्या भिंती केवळ आडोसा करतात, तशीच इथली रचना आहे. नाकाच्या दोन्ही कडांनी, गालाच्या हाडातून आणि जबड्याच्या पाठीमागून असे उभे खांब वर चढतात. कपाळाची कड, खोबणीची खालची कड, गालाची कमान आणि टाळू या आडव्या तुळया. मधल्या सायनसच्या भिंती इतक्या पातळ की कवटी उजेडासमोर धरली तर आरपार दिसावं. घास चावताना खालून वर येणारा दाब हे खांब आयुष्यभर सोसतात. समोरून किंवा बाजूने येणारा तडाखा सोसण्यासाठी मात्र ते घडलेलेच नाहीत. म्हणून रस्त्यावरच्या अपघातात चेहऱ्याचा मधला भाग मागे आणि खाली सरकतो, समोरच्या दातांत फट पडते आणि मागच्या दाढा आधी टेकतात. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, तोंड मिटतच नाही.’ या एका वाक्यात आकड्यापेक्षा जास्त माहिती असते.

ही तपासणी हाताने कशी होते, ते सांगतो. रुग्ण उताणा, डोकं उशीवर. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नाकाच्या मुळाशी धरायची, उजव्या हाताने वरचे पुढचे दात हिरडीसकट घट्ट पकडायचे आणि हलकेच पुढे-मागे हलवायचे. नुसते दात आणि टाळू हलले, तर पहिली रेषा. डाव्या बोटांखाली नाकाचं मूळही हललं, तर दुसरी. बोटं डोळ्याच्या बाहेरच्या कडेवर नेली आणि तिथलं हाडही दातांबरोबर हललं, तर तिसरी. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, मिनिटभरात होतं. ले फोर्टने आम्हाला दिलेली ही खरी देणगी आहे आणि तिचा मला मनापासून आदर वाटतो. ग्रामीण रुग्णालयात रात्री एकट्या ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला ती लगेच उपयोगी पडते. वरच्या दोन रेषा तुटल्याचा संशय आला, की कवटीचा तळही तडकलेला असू शकतो. अशा वेळी नाकातून नळी घालायची नाही, कारण ती मेंदूकडे जाऊ शकते. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो का, तेही पाहायचं. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

मग माझी तक्रार कशाबद्दल? ले फोर्टच्या टेबलावरचं डोकं आणि आमच्या कॅज्युअल्टीतलं डोकं यांत फरक आहे. 1901 साली रस्त्यावर मोटारी तुरळक होत्या. दांडक्याचा घाव आणि ताशी 80 किलोमीटरने दुभाजकावर आदळलेली मोटारसायकल, यांतली ताकद सारखी नसते. आज येणाऱ्या रुग्णाच्या उजव्या बाजूला दुसरी रेषा तुटलेली असते, डाव्या बाजूला पहिली आणि तिसरी दोन्ही. टाळू मधोमध दुभंगलेला असतो आणि त्याला त्या तीन रेषांत जागाच नाही. खालचा जबडा हनुवटीपाशी आणि कानासमोर असा दोन ठिकाणी गेलेला असतो. तो तर ले फोर्टच्या विषयाबाहेरचा. अशा माणसाच्या केसपेपरवर ‘ले फोर्ट टू’ लिहिलं, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक स्वच्छ त्रिकोणी तुकडा उभा राहतो. प्रत्यक्षात तो तुकडा नसतोच. त्या चित्रावर विसंबून दोन प्लेटा लावल्या, टाळूची फाळणी नजरेतून सुटली, तर वरच्या दातांची कमान रुंद जुळते आणि रुग्णाला पुढे कायम एकाच बाजूने चावावं लागतं.

गालाच्या हाडाची कथा आणखी बोलकी आहे. चार्ल्स वॉटर्स आणि वॉल्ड्रन यांनी 1915 साली हनुवटी वर उचलून एक्स-रे काढायची पद्धत सांगितली. गालाची हाडं मागच्या कवटीपासून सुटी दिसू लागली आणि पुढची कित्येक दशकं सगळा विचार त्याच फोटोवर झाला. 1927 साली गिलीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कानशिलावर केसांच्या आत छोटा छेद घेऊन, स्नायूच्या पडद्याखालून पट्टी सरकवून, दबलेलं हाड उचलायची युक्ती दाखवली. मग पुढचा प्रश्न आला, उचललेलं हाड जागेवर राहील की पुन्हा बसेल? 1961 साली नाइट आणि नॉर्थ यांनी गालाच्या अस्थिभंगाचे सहा गट पाडले ते या प्रश्नासाठी. हाड आत वळलंय की बाहेर, नुसतं दबलंय की फुटलंय, यावरून ते उचलल्यावर टिकेल की तारेने बांधावं लागेल, याचा अंदाज त्यांना हवा होता. त्यांच्या काळासाठी हे काम चोख होतं.

पण 1970 नंतरच्या दशकात छोट्या प्लेटा आणि स्क्रू आले. मिशेले, शाम्पी वगैरे फ्रेंच सर्जनांनी ते तंत्र रुळवलं आणि उचललेलं हाड हवं तिथे पक्कं करता येऊ लागलं. नाइट-नॉर्थचा प्रश्न मागे पडला; त्यांचे सहा गट मात्र तोंडी परीक्षेत अजून विचारले जातात. त्याहून मोठी गोष्ट सीटी स्कॅनने उघड केली. गालाचं हाड तीन पायांवर उभं आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, कारण साध्या फोटोत तीनच सांधे नीट दिसत. चौथा सांधा खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत, आत दडलेला. सीटीवर तो लख्ख दिसतो आणि हाड खरोखर जागेवर आलं की नाही, हे तपासायला तोच सर्वांत भरवशाचा, हे आता मान्य झालं आहे. जे यंत्राला दिसत नव्हतं, ते वर्गीकरणातही नव्हतं आणि वर्गीकरणात नव्हतं म्हणून ऑपरेशनच्या वेळी कुणी पाहत नव्हतं. या साखळीने किती गाल चपटे राहिले असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

मी वर्गीकरणाच्याच विरोधात आहे, असं यावरून कुणी समजू नये. चांगलं वर्गीकरण कसं असतं, याचा नमुना 1991 सालचा आहे. नाकाचं मूळ आणि डोळ्यांच्या आतल्या कडा जिथे मिळतात, त्या भागातल्या अस्थिभंगांचे मार्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी तीन प्रकार केले. त्यांनी चिरा मोजल्या नाहीत, रेषांना नावं दिली नाहीत. एकच विचारलं : पापण्यांचा आतला कोपरा ज्या तंतूने हाडाला बांधलेला असतो, तो ज्या तुकड्याला चिकटला आहे त्या तुकड्याचं काय झालं? तुकडा मोठा आणि एकसंध असेल, तर प्लेट लावून भागतं. तुकडे बारीक झाले, पण तंतू त्यांतल्या एकाला धरून असेल, तर तो तुकडा तारेने दुसऱ्या बाजूशी बांधावा लागतो. तंतूखालचं हाडच चुरडलं असेल, तर तंतू पकडून नाकाच्या आरपार तार ओवावी लागते आणि हाडाचा कलमही बसवावा लागतो. ही निवड चुकली तर डोळे एकमेकांपासून लांब गेल्यासारखे दिसतात आणि नंतर ते दुरुस्त करणं फार कठीण. इथे प्रकार सांगितला की ऑपरेशन ठरतं. त्याच सुमारास, 1990 साली, पॉल मॅन्सन आणि सहकाऱ्यांनी सीटीच्या आधारे आणखी एक मूलभूत गोष्ट विचारली : तडाखा किती जोराचा होता? रेषा तीच असली तरी कमी जोराच्या मारात हाड जागेवर असतं आणि काही वेळा ऑपरेशनही लागत नाही; प्रचंड जोराच्या मारात खांबांचा चुरा होतो आणि सगळा चेहरा उघडून पुन्हा उभारावा लागतो. ‘कुठून मोडलं’ याच्या जोडीला ‘किती मोडलं’ हे आलं आणि आमच्या शास्त्राने मोठं पाऊल टाकलं.

हाडाच्या स्वभावावरून विचार करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला 15वा अध्याय भग्नांचा आहे. निखळलेल्या सांध्यांचे सहा आणि मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार त्यात येतात, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. हाडांचे पाच वर्ग करून त्यांतलं कुठलं कसं वागतं, हे तिथे सांगितलं आहे : तरुण हाडं वाकतात, नळीसारखी मोडतात, कपालवर्गातली चपटी फुटून दुभंगतात, दात तडकतात. नाक, कान आणि डोळ्याची खोबण तरुण वर्गात. गाल, टाळू आणि शंखप्रदेश कपालवर्गात. चुरा झालेलं आणि मज्जेपर्यंत घुसलेलं हाड बरं व्हायला कष्ट पडतात, हेही स्पष्ट म्हटलं आहे, म्हणजे प्रकार सांगतानाच पुढे काय होईल तेही सांगायचं. चिकित्सास्थानात बसलेलं किंवा वाकलेलं नाक शलाकेने सरळ करून दोन्ही नाकपुड्यांत नळ्या ठेवायला सांगितलं आहे आणि जबड्याचा सांधा बसवल्यावर पाच पट्ट्यांचा बंध बांधायला. आधुनिक शोध तिथे आधीच लागले होते, असा दावा मी करत नाही. तशा दाव्यांनी सुश्रुताचं काही भलं होत नाही. हाड कसं मोडलं हे त्याच्या घडणीवरून समजून घ्यायचं आणि उपचाराशी जोडायचं, ही शिस्त मात्र त्यात आहे. आमच्या आजच्या घोकंपट्टीत हीच शिस्त हरवली आहे.

ती हरवल्याने काय होतं, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण लहान मुलांचं. 1957 साली स्मिथ आणि रेगन यांनी शवाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडीने मारून दाखवलं, की खोबणीची कड शाबूत राहूनही तिचा पातळ तळ फुटू शकतो. मोठ्या माणसात हा तळ फुटून तुकडे खालच्या सायनसमध्ये पडतात, डोळा सुजतो, लाल-काळा होतो, कुणाच्याही लक्षात येतं. दहा वर्षांच्या मुलाचं हाड वाकतं. गल्लीत टेनिस बॉलने किंवा लेदर बॉलने खेळताना डोळ्यावर मार बसतो, तळाची झडप क्षणभर खाली उघडते, डोळ्याखालचा स्नायू तिच्यात शिरतो आणि झडप पुन्हा मिटते. बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा पांढराशुभ्र, सूज नाही, एक्स-रेवर ठळक असं काही नाही. मुलगा मात्र सारखा उलट्या करतो, मलूल पडून राहतो, नाडी मंदावते. स्नायू ओढला गेल्यामुळे मेंदूतून हृदयाकडे जाणारा एक प्रतिक्षेप हे सगळं घडवतो. कॅज्युअल्टीत उलट्या पाहून डोक्याला मार लागला असं ठरतं, मेंदूचा सीटी होतो, तो ‘नॉर्मल’ येतो आणि मुलाला निरीक्षणाखाली ठेवलं जातं. ‘बाळा, वर बघ’ एवढं म्हटलं असतं तर एक डोळा वर गेला असता आणि दुसरा अडकून राहिला असता. अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत जातो, म्हणून एक-दोन दिवसांत तो सोडवावा लागतो. उशीर झाला तर हाड नंतर कितीही नीट जुळवा, दुहेरी दिसणं राहू शकतं. प्रकारांच्या कुठल्याही तक्त्यात हा अस्थिभंग ‘लहान’ ठरेल : एक छोटी चीर, सरकलेलं काहीच नाही. मुलाच्या दृष्टीसाठी तो तातडीचा आहे.

खालच्या जबड्याचंही तसंच. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके घालून घरी पाठवलं जातं. कानासमोर जबड्याचा जो गोळा असतो तो दोन्ही बाजूंना मोडू शकतो आणि तिथे वेदनेखेरीज फारसं काही दिसत नाही. वेळेत ओळखलं नाही आणि जबडा हलता ठेवला नाही, तर सांधा हाडाने गच्च भरून येतो. काही वर्षांनी आई मुलाला घेऊन येते, कारण त्याचं तोंड बोटभरही उघडत नाही आणि हनुवटी वाढायची थांबली आहे.

आता रुग्णालयाबाहेर येऊ. कायद्यालाही या हाडांचं वर्गीकरण लागतं आणि तिथे प्रकार दोनच : दुखापत आणि जबर दुखापत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं ही जबर दुखापत. आधीच्या दंड संहितेच्या कलम 320 मध्येही ते तसंच होतं. साध्या दुखापतीला कमाल शिक्षा एक वर्ष, जबर दुखापतीला सात. म्हणजे नाकाच्या हाडाला केसाएवढी चीर आणि कवटीपासून सुटलेला अख्खा चेहरा कायद्याच्या एकाच कप्प्यात येतात. न्यायालयाला रेषा ठरवून द्यावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती रेषा आमच्या सहीवर उभी असते, हे आम्ही विसरतो. सीटी न काढता साध्या फोटोवर ‘अस्थिभंग नाही’ लिहून दिलं, खोबणीचा तळ मात्र फुटलेला होता, तर सात वर्षांचा गुन्हा एका वर्षाचा होतो. दुखापत प्रमाणपत्र लिहिणाऱ्या डॉक्टरवर एवढी जबाबदारी असते आणि ते काम बहुतेक वेळा सर्वांत नवख्या डॉक्टरकडे जातं.

ले फोर्टपासून आजपर्यंतच्या एकाही शस्त्रक्रियेच्या वर्गीकरणात नसलेली एक गोष्ट आहे : हे कुणी केलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 यादीत चेहऱ्याच्या हाडांना एस02 हा गट आहे आणि कारणांसाठी वेगळे संकेतांक आहेत. मोटारसायकलस्वाराला वेगळा, पती किंवा जोडीदाराच्या मारहाणीला वेगळा. पहिला संकेतांक भरला जातो, दुसरा बहुधा कोराच राहतो. बाई सांगते, ‘मोरीत पाय घसरला.’ शेजारी नवरा उभा असतो. आम्ही गालाच्या हाडाचा प्रकार लिहितो आणि ‘पडल्याने’ असं कारण लिहून मोकळे होतो. पाय घसरून पडणाऱ्या माणसाला बहुधा लागतं ते पुढे आलेल्या भागांना, म्हणजे कपाळाला, नाकाला, हनुवटीला. डाव्या डोळ्याभोवती, डाव्या गालावर, जबड्याच्या कोनापाशी लागलं असेल आणि अंगावर वेगवेगळ्या रंगांचे जुने वळ असतील, तर समोर उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या माणसाची शक्यता मनात यायलाच हवी. हाड स्वतः पुरावा देत असतं आणि तो वाचायचं शिक्षण आमच्या अभ्यासक्रमात नगण्य आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच जाणिवेतून : मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याच्या आधी दवाखान्यात येते, तेव्हा तिला एकांतात विचारायला आणि ऐकायला तिथे कुणीतरी हवं. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या प्रत्येक विभागाने हे काम आपलं मानावं, असं मला तीव्रतेने वाटतं.

रस्त्याचंही असंच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली देशात 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं मेली आणि मेलेल्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा जवळपास 45 टक्के होता. जी जगली त्यांच्या चेहऱ्यांचा हिशेब कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 ने हेल्मेट सक्तीचं केलं. पुण्यासारख्या शहरात त्याविरुद्ध आंदोलनं झाली आणि ज्यांनी ते डोक्यावर घेतलं त्यांतल्या अनेकांनी अर्धं हेल्मेट घेतलं. ते कवटी झाकतं, चेहरा उघडा ठेवतं. केसपेपरवर ‘ले फोर्ट टू’च्या शेजारी ‘अर्धं हेल्मेट’, ‘हेल्मेट नाही’, ‘पूर्ण हेल्मेट, पट्टा सुटा’ असे दोन शब्द लिहिले गेले असते, तर कुठल्या हेल्मेटखाली कुठली हाडं मोडतात, हे महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना स्वतःच्या नोंदींवरून ठणकावून सांगता आलं असतं.

यावर माझे सहकारी म्हणतात की नावं नसतील तर बोलायचं कसं? लांबच्या गावातल्या डॉक्टरने फोनवर काय सांगायचं, दोन रुग्णालयांच्या अनुभवांची तुलना कशी करायची? ही शंका रास्त आहे. तुलनेसाठी एक समान भाषा लागते. 2014 साली एओ या संघटनेने चेहऱ्या-कवटीच्या अस्थिभंगांसाठी तीन पातळ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. तीत खालच्या जबड्याला 91, चेहऱ्याच्या मधल्या भागाला 92 असे संकेत आहेत. आधी कुठला भाग, मग त्यात नेमकी जागा, मग तुकडे आणि सरकणं, अशी ती बारीक होत जाते. संशोधनासाठी ती वापरावी, माझा पाठिंबाच आहे. पण संशोधनाची भाषा आणि या रुग्णाचं काय करायचं हे ठरवण्याची भाषा एकच असायला हवी, असं नाही. फोनवरच्या डॉक्टरने ‘ले फोर्ट टू’ म्हणण्याऐवजी ‘वरचे दात नाकासकट हलतात, समोर फट आहे, उजवा डोळा वर जात नाही, नाकातून पाणी येतंय’ असं सांगितलं, तर वेळ तेवढाच लागतो आणि ऐकणाऱ्याला ऑपरेशन थिएटर तयार ठेवायचं की न्यूरोसर्जनला उठवायचं, ते लगेच कळतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. आकडा लिहायला बंदी नको, पण तो शेवटी लिहिला जावा. त्याआधी श्वासाची वाट मोकळी आहे का, प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं दिसतं का आणि तो चारही दिशांना फिरतो का, दात पूर्वीसारखे बसतात का, हे रुग्णाच्या शब्दांत यावं. मग उजवी आणि डावी बाजू वेगवेगळी धरून कुठला खांब कुठे तुटला, किती तुकडे झाले, किती सरकले, ते साध्या वाक्यांत यावं. आणि हे कसं झालं, ते नातेवाइकांना बाहेर पाठवून, रुग्णाला एकट्याला विचारून लिहिलं जावं. राउंडवर पहिला प्रश्न ‘टाइप कुठला’ हा नसून ‘याचे दात बसतात का’ हा असला, तर एका सत्रात विद्यार्थ्यांची नजर बदलेल.

वाचकांनाही एक सांगणं आहे. घरात कुणाच्या चेहऱ्याला मार लागला आणि एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, तरी एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, गाल किंवा वरचा ओठ बधिर असेल, दात पूर्वीसारखे मिटत नसतील, नाकातून पाणी येत असेल किंवा तोंड उघडताना कानासमोर कळ येत असेल, तर त्याच दिवशी पुन्हा रुग्णालयात जा आणि चेहऱ्याचा सीटी स्कॅन लागेल का, असं स्पष्ट विचारा. डोळ्याला चेंडू लागलेलं मूल उलट्या करत असेल, तर त्याला वर बघायला सांगा. एक डोळा वर जात नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.